हस्तराची भूक

भुताची गोष्ट एकदाच ऐकावी, असा जाणत्यांचा अभिप्राय आहे. दुसऱ्या खेपेला भूत कोणत्या दाराआडून येणार हे ठाऊक असते, आणि ज्याची येण्याची वेळ ठाऊक झाली ते भूत कसले, तो घरचाच पाहुणा! पण १३ सप्टेंबर २०२४ रोजी या अभिप्रायाला तडा गेला. सहा वर्षांपूर्वी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, पडद्यावर येऊन बेताचीच गर्दी जमवून गेलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट त्या दिवशी चित्रगृहांत पुन्हा लागला, आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक धंदा करून गेला. मधल्या काळात ज्यांनी तो घरी बसून पाहिला होता, त्यांतलेच पुष्कळजण पदरचे पैसे मोडून पुन्हा अंधारात जाऊन बसले. मीही त्यांतलाच एक.

भूत तेच, विहीर तीच, पाऊसही तोच. मग इतक्या माणसांना दुसऱ्यांदा काय पाहायचे होते?

आधी या गोष्टीचे कूळ सांगतो, कारण ते गोष्टीइतकेच नवलाचे आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली, आणि १९९७ साली चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. मित्राने सांगितलेली ती गोष्ट मूळची नारायण धारपांची, ‘आजी’ या नावाची. धारपांची ‘आजी’ अमेरिकेतल्या स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली. त्या कथेत घरातल्या भयंकर म्हातारीला आडवे पाडायचे तर ‘हास्टर’ हे नाव घ्यावे लागते. आता हा हास्टर कोण? तर अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१ साली एका छोट्या कथेत आणलेला मेंढपाळांचा देव. चांगला सौम्य देव, आमच्याकडच्या बिरोबासारखा म्हणा ना. पुढे १८९५ साली रॉबर्ट चेंबर्स याने ते नाव उचलले, त्याच्यामागून इतरांनी उचलले, आणि हात बदलता बदलता मेंढरे राखणारा देव माणसे खाणारा झाला. शंभर वर्षांनी तो सातासमुद्रांपलीकडून येऊन कोकणातल्या एका विहिरीत उतरला आणि ‘हस्तर’ झाला. कुठल्याही पुराणात तो नाही. गावाचे नाव तेवढे अस्सल. जगबुडी नदीकाठच्या तुंबाडचे, आणि ते मराठी वाचकाच्या ओठी बसवले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या दोन खंडी कादंबरीने. त्या कादंबरीचा आणि या गोष्टीचा संबंध नावापुरताच.

धारपांविषयी दोन शब्द अधिक सांगायला हवेत. १९२५ ते २००८ एवढे आयुष्य, शंभरावर पुस्तके, आणि वाचनालयांतून त्यांच्या प्रतींची पाने पिवळी पडून सुटी व्हायची इतका वाचकवर्ग. एवढे असूनही आमच्या वाङ्मयेतिहासाने त्यांना ओसरीवरच बसवून ठेवले. भयकथा म्हणजे पोरासोरांचे वाचन, ही आम्हां शिकवणाऱ्या मंडळींची समजूत. इंग्रजीच्या वर्गात मात्र तीच वस्तू ‘गॉथिक’ या नावाने मानाच्या पाटावर बसते.

‘गॉथिक’ हा शब्द बोजड वाटला तरी ती वस्तू आपल्या डोळ्यांखालची आहे. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला मनुष्य सकाळी मुंबईच्या ज्या स्थानकावर उतरतो, ती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेली, १८८८ साली पुरी झालेली इमारत याच थाटाची आहे. टोकदार कमानी, मनोरे, आणि भिंतींतून माना काढून खाली पाहणारी दगडी जनावरे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला इंग्रज दिवसा आगगाड्या आणि गिरण्या उभारीत होता आणि रात्री दिव्याशी बसून भुतांच्या गोष्टी वाचीत होता. त्या गोष्टींची सामग्री ठरलेली असे: जुना वाडा, कुलूपबंद खोली, घराण्याचा शाप आणि वारसाहक्काची भानगड. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ या १८४७ सालच्या कादंबरीत वरच्या मजल्यावर वेडी बायको कोंडलेली आहे, आणि अखेरीस तीच त्या घराला आग लावते. ‘तुंबाड’मधली साखळदंडांनी जखडलेली म्हातारी ही तिचीच दूरची मावशी.

हल्लीची मुले ही हौस जपानी चित्रमालिकांवर भागवतात. ‘ब्लॅक बटलर’ नावाची अशी एक मालिका २००८ साली सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळचे इंग्लंड, आईबाप गमावलेला एक उमराव पोरगा, आणि त्याच्या पदरी राहिलेला एक सैतान. आणि तोही कसला, तर चहा ओतणारा, चांदीची भांडी घासणारा खानसामा! करार असा की, पोराचा सूड पुरा झाला की त्याचा आत्मा सैतानाचा. (त्यात एक हिंदुस्थानी राजपुत्र येतो, आणि पुढे रस्सा रांधण्याची स्पर्धाही लागते, पण ते असो.) मोठ्या खंडानंतर तिचे नवे पर्व २०२४ सालीच आले, त्यामुळे माझे काही विद्यार्थी त्या वर्षी ती जुनी मालिका आणि ‘तुंबाड’ ही दोन्ही भुते पुन्हा पाहत होते. त्यांचे ऐकता ऐकता एक फरक ध्यानात आला. युरोपातल्या सैतानाशी रीतसर करार होतो; अटी असतात, मुदत असते. कोकणात ‘बायंगी’ची जी वदंता ऐकू येते, तिच्यातही व्यवहार आहे. भूत विकत आणायचे, त्याने घरात बरकत आणायची आणि आपण त्याचे मागणे पुरवायचे. हस्तराशी मात्र कोणी करार केलेला नाही. त्याच्याकडून चोरी करायची आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या करायची आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. आईच्या पोटी सोनेही होते आणि अन्नही. त्याने सोने सगळे घेतले, आणि अन्नाला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले आणि पुन्हा आपल्या गर्भात ठेवले, पण अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही. तुंबाडच्या वाड्यातल्या पूर्वजांनी लोभापायी त्याचे देऊळ बांधले, तेव्हापासून देवांचा कोप पाऊस होऊन त्या गावावर कोसळतो आहे. १९१८ साली विनायक हा लहान मुलगा आईबरोबर ते गाव सोडतो. पुन्हा इथे पाऊल टाकणार नाहीस असे वचन आई त्याच्याकडून घेते. पंधरा वर्षांनी तो परततोच. विहिरीतून दोराने गर्भात उतरायचे, भोवती पिठाचे रिंगण घालायचे, कणकेची बाहुली पुढे टाकायची, आणि हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून गळणाऱ्या मोहरा उचलून वर यायचे, हा त्याचा धंदा होतो. पुढे तो मुलालाही तेच शिकवतो.

पहिल्यांदा पाहताना माणसाचा लोभ दिसतो, आणि तो दिसावा म्हणूनच चित्रपट रचलेला आहे. दुसऱ्यांदा पाहताना भीती बाजूला होते, डोळे मोकळे राहतात, आणि मग दिसते ती हस्तराची भूक. सोन्याने मढलेला हा देव उपाशी आहे. कणकेचा गोळा पुढे आला की त्याला अंगावरच्या मोहरांची शुद्ध राहत नाही. सोने त्याच्या लेखी कवडीमोल. जे माणसांच्या घरी परातीत मळून पडलेले असते तेच त्याला मिळत नाही.

ही गोष्ट सोलापूरच्या माणसाला जरा निराळी लागते, याचे कारण आमची जमीन. आमच्याकडे वर्षाला ५००–६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक पांडुरंगाचे आभार मानतात. पाऊस हा देवांचा कोप, ही कल्पना कोकणच्या माणसाला पटेल. आमच्याकडे कोप म्हणजे पाऊस न येणे. चित्रपटाच्या पहिल्या भागाचे साल आहे १९१८, आणि पडद्यावर आभाळ फाटलेले आहे. खऱ्या १९१८ साली मुंबई इलाख्यातल्या देशावर पाऊस दडी मारून बसला होता, आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. त्याआधी १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हाच सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. १९७२ तर आजच्या आजीआजोबांच्या डोळ्यांपुढचे साल. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, पोरांना वाटलेली सुकडी, आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी, ज्यांची चव आठवली तरी म्हातारी माणसे अजून तोंड वाकडे करतात. पीठ संपले असे म्हणू नये, ‘वाढले’ म्हणावे, डब्याचा तळ दिसू देऊ नये, हे आमच्या घरोघरचे संस्कार हौसेने आलेले नाहीत.

आणि ती विहीर! पडद्यावर विनायक दोराला धरून त्या अरुंद तोंडातून खाली उतरू लागला की मला पेव आठवते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आम्ही वर्गात शिकवतो, पण पेव पाहिलेला विद्यार्थी आता विरळा. कठीण मुरमात खणलेले, वर अरुंद तोंडाचे आणि आत रांजणासारखे फुगलेले धान्याचे तळघर ते. आत कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. मग ती ज्वारी वर्षानुवर्षे टिकावी. पण पेव उघडणे हे जोखमीचे काम असे. कोंडलेल्या धान्याने आतली हवा विषारी झालेली असायची. म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायचे, मग दोरीने दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही. घाई करून उतरलेली माणसे आतच राहिल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. म्हणजे अंधारी विहीर, कमरेला दोर, खाली मरण आणि खाली ठेवाही, हे सारे आमच्या आज्यापणज्यांनी प्रत्यक्ष केलेले आहे. फरक एवढाच, की ते धान्यासाठी उतरत होते, आणि विनायक धान्य घेऊन सोन्यासाठी उतरतो.

सोने आणि धान्य यांची अशी उलटापालट आमच्या जिल्ह्यात आणखी एका कथेत आहे, आणि तिच्यात भूत नाही, देव आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे कारभारी. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचे फर्मान काढले. आणि पंत बिदरला पोहोचण्याआधीच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याचे दाम मोजले, अशी परंपरागत कथा आहे. हस्तराच्या लंगोटातही मोहरा, आणि त्या विठू महाराच्या थैलीतही मोहरा. पण इथे देव स्वतः नाणी घेऊन निघतो, कारण धान्य आधीच भुकेल्यांच्या पोटात गेले आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. दामाजीपंतांना त्याचे कौतुक वाटले असते, की तिचा भाव ऐकून धसका बसला असता, कोण जाणे.

दुसऱ्यांदा पाहताना आणखी एक गोष्ट ठळक होते, ती त्या म्हातारीची. तिला निजवायचे तर हस्तराचे नाव घ्यायचे. झोप, नाहीतर तो येईल, असे बजावायचे. आपल्या घरोघरी पोरांना बागुलबुवाच्या नावाने निजवतात. इथे पोर म्हाताऱ्या माणसाला निजवते. धारपांच्या नि किंगच्या म्हातारीत भय आहे ते घरातल्या आजारी, परावलंबी माणसाशी एकटे राहण्याचे, आणि ते मध्यमवर्गाच्या फार जवळचे आहे. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांजवळ रात्र काढली आहे त्यांना ते सांगायला नको. त्या खोलीतून येणारी हाक ऐकून पोराचे पाय जड व्हावेत आणि तरी जेवणाचे ताट घेऊन आत जावेच लागावे! भुताचा मुखवटा काढला तरी हा प्रसंग तसाच्या तसा उरतो.

पण चाळिशीनंतर हा चित्रपट खरा बोचतो तो तिसऱ्या भागात, १९४७ सालात. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मी पाहिला असता तर विनायकाबरोबर विहिरीत उतरलो असतो. आज मी काठावर उभा राहून त्याच्या पोराकडे पाहतो. हा पांडुरंग बापाकडून धंदा शिकतो आहे. दोर कसा धरायचा, आतून इशारा कसा द्यायचा, बाहुली कधी टाकायची. बाप कडक आहे, क्वचित शाबासकीही देतो, आणि पोराला त्या शाबासकीची भूक आहे. माग चालवणाऱ्या घरात, पेढीवर, शेतात बाप मुलाला जसा तयार करतो तसाच हा करतो आहे. म्हणून तर पाहवत नाही. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या शेजारी मान खाली घालून बसलेली मुले मी पाहतो. “यानं काय घ्यावं ते आम्ही ठरवलंय,” असे वडील सांगतात. त्यात वाईट काहीच नसते. विनायकालाही आपण पोराचे वाईट करतो आहोत असे क्षणभर वाटत नाही.

मग देश स्वतंत्र होतो, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि बापाला घाई होते. एकदाच सगळे लुटून घ्यावे, हस्तराचा लंगोटच पळवावा, ही युक्ती सुचते कोणाला? पोराला! बापाच्या मनातला लोभ पोराच्या डोक्यातून हिशेब होऊन बाहेर पडतो. भरपूर बाहुल्या घेऊन दोघे उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. पोराला वाचवण्यासाठी बाप त्या बाहुल्या अंगावर बांधून घेतो. विनायकाने आयुष्यात काही दिले असेल तर ते एवढेच. वर आल्यावर, हस्तराच्या स्पर्शाने विद्रूप झालेला तो बाप मुलापुढे लंगोट धरतो. घे. आणि पांडुरंग घेत नाही. म्हातारीला निजवायच्या त्याच शब्दांनी बापाला निजवतो आणि अग्नी देतो.

जाणून घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा पांडुरंग आणि ती जखडलेली म्हातारी या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. रंगभूषेखाली ओळखू येत नाही. पण एकदा हे कळले की घराण्याची पहिली आणि शेवटची पिढी एकाच चेहऱ्याची होते, आणि चित्रपट तिसऱ्यांदा पाहावा लागतो.

उणिवा नाहीत असे नाही. वाडा मराठी, नऊवारी मराठी, पगडी मराठी आणि बोलणे हिंदी, याने माझ्यासारख्याचे कान दुखतात. विनायकाच्या बायकोला पडद्यावर अधिक जागा मिळायला हवी होती. पण कित्येक पावसाळे थांबून खऱ्या पावसात केलेले ते चित्रण, पंकज कुमार यांचा कॅमेरा आणि तेलाच्या दिव्यात दिसणारा तो वाडा यांच्यापुढे तक्रारीचा सूर आपोआप खाली येतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. गुप्तधनाच्या नादाने आपल्या राज्यात खरोखरची माणसे मारली गेली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, आणि नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा त्यानंतरच त्या वर्षी झाला. अशा ठिकाणी पुरलेल्या धनाची आणि भुकेल्या देवाची गोष्ट सांगावी काय? माझे मत सांगावी असे आहे. गुप्तधन दाखवतो म्हणणारा मांत्रिक तुम्हांला सांगतो, की सोने मिळेल आणि किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी पोराची द्यावी लागेल. ‘तुंबाड’मध्ये किंमत स्वतःच्या पोराकडून वसूल होते. मांत्रिकाच्या धंद्याला ही गोष्ट सोयीची नाही.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात धारपांवर बोलता बोलता गाडी या चित्रपटावर आली. हस्तर कोणत्या पुराणात आहे, असे एकाने विचारले. कोणत्याच नाही म्हटल्यावर त्याचा विरस झाला. तेव्हा मागच्या बाकावरून मंगळवेढ्याकडची एक मुलगी उठून म्हणाली, “ओ सर, एवढ्या पिढ्या झाल्या, पर त्याला कुणी नीट बसवून पोटभर जेवायला वाढलंच न्हाई की.”

वर्ग हसला. खरेच, सगळ्या चित्रपटात कणीक येते ती केवळ आमिष म्हणून. मी काही उत्तर देण्याच्या आतच तिच्या पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून म्हणाला, “पोट भरल्यावर मोहरा कोण सोडतंय गं?”